सूज म्हणजे आजार की इलाज?

पायात बाभळीचा काटा मोडला की पुढे काय होतं, ते तुम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. जागा लाल होते, गरम लागते, सुजते, रात्रभर ठणकते. दोन-तीन दिवसांत पू धरतो आणि काटा वर येतो. कधी कधी जांघेत अवधाणही येतं. आता प्रश्न असा, की ही सगळी लक्षणं आजाराची आहेत की शरीराने सुरू केलेल्या इलाजाची?

एकोणिसाव्या शतकातल्या बहुतेक नामवंत डॉक्टरांना विचारलं असतंत, तर उत्तर आजार असंच मिळालं असतं. पुवातल्या पांढऱ्या पेशींच्या पोटात जंतू दिसायचे, पण त्याचा अर्थ उलटा लावला जायचा. जंतू या पेशींमध्ये शिरतात, तिथे मजेत राहतात आणि पेशींवर स्वार होऊन अंगभर पसरतात, असा समज होता. हा समज मोडून काढला तो डॉक्टरकीची पदवीही नसलेल्या एका प्राणिशास्त्रज्ञाने. त्याचं नाव इल्या मेचनिकॉव्ह. आज तुमच्या पुस्तकात ‘जन्मजात प्रतिकारशक्ती’ नावाचं जे प्रकरण असतं, त्याची सुरुवात याच माणसापासून होते.

इल्याचा जन्म १८४५ सालचा, आजच्या युक्रेनमधल्या खारकीव्हजवळच्या एका खेड्यातला. तेव्हा हा मुलूख रशियन साम्राज्यात होता. वडील झारच्या फौजेतले अधिकारी, आणि पाच भावंडांत हा धाकटा. अभ्यासात एवढा पुढे, की विद्यापीठाचा चार वर्षांचा अभ्यासक्रम दोन वर्षांत संपवून मोकळा झाला. मग जर्मनी, इटली असं फिरत त्याने समुद्रातले बारीक जीव सूक्ष्मदर्शकाखाली पिंजून काढले. बाविसाव्या वर्षी तो ओडेसाच्या विद्यापीठात शिकवायला लागला, तेव्हा त्याचे काही विद्यार्थी त्याच्यापेक्षा वयाने मोठे होते.

करिअर असं झकास चाललेलं असताना घरात मात्र वेगळंच सुरू होतं. १८६९ मध्ये त्याने ल्युडमिलाशी लग्न केलं. तिला क्षयरोग होता. लग्नाच्या दिवशी चालत चर्चमध्ये जाण्याइतकंही त्राण तिच्यात नव्हतं, म्हणून तिला खुर्चीत बसवून न्यावं लागलं. पुढची चार वर्षं इल्या नोकरी सांभाळत, भाषांतरं करून पैसे जमवत, तिला उबदार हवेच्या ठिकाणी नेत राहिला. उपयोग झाला नाही. १८७३ मध्ये मदेइरा बेटावर ती गेली.

इल्या पार कोसळला. त्याने स्वतःचं आयुष्य संपवण्याचा प्रयत्न केला, पण वाचला. त्याची दुसरी पत्नी ओल्गा हिने लिहिलेल्या चरित्रात पुढचा प्रसंग आहे. त्याच दिवसांत जिनिव्हातल्या एका पुलावर त्याला दिव्याभोवती घिरट्या घालणारे कीटक दिसले. त्याला वाटलं, हे तर काही तासच जगणारे जीव, मग डार्विनचा निसर्गनिवडीचा नियम यांना लागू पडायला वेळ तरी कुठे मिळतो? डोकं त्या प्रश्नात गुंतलं आणि माणूस परत कामाकडे वळला. अर्थात दर वेळी असा पूल आणि असे कीटक भेटतीलच असं नाही. इल्याच्या काळी मनाच्या आजारावर धड उपचार नव्हते, आज आहेत. जड जात असेल तर घरच्यांशी, मित्रांशी बोला, किंवा सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा नंबर फिरवा.

१८७५ मध्ये त्याचं ओल्गाशी लग्न झालं. पाच वर्षांनी तिला टायफॉइड झाला आणि ती जेमतेम बचावली. त्यातच विद्यापीठात राजकारण माजलेलं आणि इल्याची स्वतःची तब्येतही ढासळलेली. १८८१ मध्ये त्याने उतरून पुन्हा पुन्हा उलटणाऱ्या एका तापाच्या रोग्याचं रक्त स्वतःला टोचून घेतलं. प्रयोग म्हणायचा तर प्रयोग, पण जगण्याची इच्छा उरलेली नव्हती हे खरं कारण. तो फार आजारी पडला आणि याही वेळी बरा झाला. त्यानंतर मात्र त्याच्यात जगण्याची नवी ओढ आली, असं ओल्गाने नोंदवलंय. ज्या शरीरावर त्याने दोनदा पाणी सोडलं होतं, त्या शरीराने दोन्ही वेळा त्याला सोडलं नव्हतं. शरीर हे नेमकं करतं कसं, याचं उत्तर त्याला पुढच्याच वर्षी सापडायचं होतं.

१८८१ मध्येच झार दुसरा अलेक्झांडर याचा खून झाला आणि विद्यापीठांवर सरकारचा फास आवळला. कंटाळून इल्याने १८८२ मध्ये राजीनामा दिला. ओल्गा आणि तिच्या धाकट्या भावंडांना घेऊन तो सिसिलीतल्या मेसिनाला गेला आणि समुद्राकाठच्या घराच्या दिवाणखान्यातच त्याने प्रयोगशाळा मांडली.

डिसेंबरातल्या एका दिवशी घरचे सगळे सर्कशीत माकडांचे खेळ बघायला गेले होते. इल्या एकटाच सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसला होता. भिंगाखाली होती स्टारफिशची पिल्लं, काचेसारखी पारदर्शक. त्यांच्या अंगात काही पेशी मोकळ्या फिरत होत्या आणि वाटेत आलेला कण गिळत होत्या. पेशी अन्न गिळतात हे त्याला माहीत होतं. पण या पेशींचं काम पचनापुरतंच आहे का? बाहेरून घुसलेल्या शत्रूलाही त्या गिळत असतील तर? तसं असेल, तर या पिल्लाच्या अंगात काटा खुपसल्यावर पेशी त्याच्याभोवती गोळा व्हायला हव्यात.

तो उठला आणि बागेतून गुलाबाचे बारीक काटे घेऊन आला. ते त्याने पिल्लांच्या अंगात टोचले. रात्रभर त्याला झोप लागली नाही. सकाळी बघतो तो काय, काट्याभोवती पेशींनी गर्दी केली होती!

यात एवढं विशेष काय, असं तुम्हाला वाटेल. विशेष हे, की स्टारफिशच्या त्या पिल्लाला ना रक्तवाहिन्या असतात ना आपल्यासारखी मज्जासंस्था. तेव्हाच्या मतानुसार सूज हा मुळात रक्तवाहिन्यांचा बिघाड होता. मग रक्तवाहिन्याच नसलेल्या जिवात काट्याभोवती हा जमाव कुठून आला? याचा अर्थ पेशींचं धावून येणं हे मूळ आणि लाली-सूज हा त्यांना वाट करून देणारा नंतरचा बंदोबस्त. सूज हे शरीर हरल्याचं लक्षण नसून लढाई सुरू झाल्याची खूण होती.

व्हिएन्नातल्या प्राणिशास्त्रज्ञ क्लाऊस यांच्याकडून या पेशींसाठी ‘फॅगोसाइट’ हे ग्रीक नाव मिळालं. मराठीत आपण त्यांना भक्षक पेशी म्हणतो. १८८४ मध्ये इल्याने पुढचा पुरावा दिला. डॅफ्निया नावाची इवलीशी पाणपिसू असते. एका बुरशीचे सुईसारखे बीजाणू तिच्या पोटात जातात आणि आतडं भेदून अंगात घुसतात. भक्षक पेशींनी ते वेळेत गिळून टाकले तर पिसू जगते. बुरशी आधी वाढली तर पेशी संपतात आणि पिसू मरते. रोग म्हणजे दोन बाजूंची झुंज, आणि तिचा निकाल कुठल्याही बाजूने लागू शकतो, हे त्या पारदर्शक पिसूत डोळ्यांनी दिसत होतं.

तरी मोठ्यांना पटेना. बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉखने त्याचं थंडपणे स्वागत केलं. ओडेसात नव्या जंतुशास्त्र केंद्राचा तो प्रमुख झाला, पण डॉक्टर नसल्यामुळे तिथेही विरोध झाला. अखेर १८८८ मध्ये लुई पाश्चरने त्याला पॅरिसच्या आपल्या संस्थेत जागा दिली. पुढची अठ्ठावीस वर्षं तो तिथेच राहिला.

खरी जुंपली ती त्यानंतर. १८९० मध्ये बेरिंग आणि किटासातो यांनी दाखवून दिलं, की घटसर्प आणि धनुर्वाताचं विष मारणारं काहीतरी रक्तातल्या पातळ भागातच, म्हणजे सीरममध्ये तयार होतं. त्यालाच आज आपण अँटिबॉडी म्हणतो. झालं, दोन तट पडले. एक तट म्हणे लढतात त्या पेशी, दुसरा म्हणे लढतं ते रक्तातलं द्रव्य. पहिला गट पॅरिसभोवती, दुसरा जर्मनीत. १८७० च्या युद्धानंतर या दोन देशांत आधीच विस्तव जात नव्हता, त्यामुळे वादाला देशाभिमानाचीही फोडणी बसली. भडक डोक्याचा इल्या प्रत्येक परिषदेत तावातावाने भांडायचा आणि परतला की नवे प्रयोग सुरू करायचा.

१९०३ मध्ये लंडनमध्ये राइट आणि डग्लस यांनी यातली गंमत उघड केली. सीरममधली काही द्रव्यं जंतूंना चिकटतात आणि मग भक्षक पेशी ते जंतू जास्त आवडीने गिळतात. या द्रव्यांना त्यांनी ‘ऑप्सोनिन’ नाव दिलं. मूळ ग्रीक शब्द जेवणाच्या तयारीशी जोडलेला आहे, म्हणजे आपल्याकडचं तोंडीलावणंच म्हणा ना! दोन्ही तट अर्धे बरोबर होते. १९०८ चं नोबेल इल्या मेचनिकॉव्ह आणि दुसऱ्या तटाचा म्होरक्या पॉल एरलिख यांना विभागून मिळालं.

आता तुमच्या पायातल्या त्या काट्याकडे या नजरेने बघा. कातडीखाली पहारा देणाऱ्या मॅक्रोफेज पेशी आधी जागा होतात आणि रासायनिक हाक देतात. रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून लाली आणि ऊब. त्यातून द्रव पाझरतो, म्हणून सूज. न्यूट्रोफिल पेशी धावत येतात, जंतू गिळतात आणि तिथेच मरतात. पू म्हणजे बराचसा याच लढाईतल्या मेलेल्या सैनिकांचा ढीग. काही पेशी जंतूचे तुकडे घेऊन जवळच्या लसिकाग्रंथीत जातात आणि तिथल्या टी आणि बी पेशींना शत्रूची ओळख पटवतात. जांघेतलं अवधाण ते हेच. बी पेशींना अँटिबॉडी बनवायला पहिल्या खेपेला काही दिवस लागतात. पण ओळख लक्षात राहते, म्हणून दुसऱ्या खेपेला उत्तर लवकर मिळतं. लस हीच ओळख आजाराशिवाय करून देते.

मग एवढी जय्यत फौज असताना माणूस आजारी का पडतो? काही शत्रू तिच्यापेक्षा हुशार असतात म्हणून. एचआयव्ही थेट टी पेशींवरच घाला घालतो. क्षयाचा जंतू तर गिळला गेल्यावरही मरत नाही, मॅक्रोफेजच्या पोटातच बिऱ्हाड करतो. म्हणजे ल्युडमिलाला नेणारा शत्रू इल्याच्या लाडक्या पेशींमध्येच लपून बसणारा निघाला.

दुसरीकडे, फौज बिथरली तर आपल्याच घरावर चालून जाते. संधिवाताचे काही प्रकार आणि टाइप वन मधुमेह यातूनच होतात. गंभीर कोविडमध्ये अनेकांच्या फुप्फुसांचं नुकसान अशा अनावर दाहाने केलं, म्हणून तर तो आवरायला डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड कामी आलं. तेव्हा ‘इम्युनिटी बूस्टर’ची पुडी विकत घेताना जरा थांबा. प्रतिकारशक्ती म्हणजे मोबाइलचा आवाज नव्हे, वाढवत नेला की झालं! तिने वेळेवर पेटणं जितकं गरजेचं, तितकंच वेळेवर विझणंही.

इल्याचं सगळंच खरं ठरलं असं नाही. मोठ्या आतड्यातले जंतू विष तयार करतात आणि त्यामुळे म्हातारपण लवकर येतं, असं त्याचं मत होतं. त्यावर उतारा म्हणून तो नेमाने आंबवलेलं दूध प्यायचा. युरोपात त्याची लाटच आली. आपल्याकडे ताक-दह्याला नोबेलवाल्याची शिफारस लागत नाही, पण त्याने आयुष्य वाढतं हे काही त्याला सिद्ध करता आलं नाही. आतड्यातल्या जंतूंचा आणि तब्येतीचा संबंध मात्र आज जगभर अभ्यासला जातोय. १९१६ मध्ये, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, हृदयविकाराने तो पॅरिसमध्ये गेला. त्याच्या अस्थींचा कलश पाश्चर संस्थेच्या ग्रंथालयात ठेवलाय.

आणि त्याच्या कामाचा एक धागा थेट आपल्या मुंबईत येऊन पोचतो. ओडेसात त्याच्या हाताखाली शिकलेला एक तरुण पुढे त्याच्याच मदतीने पाश्चर संस्थेत आला, पटकीची लस बनवून भारतात उतरला आणि १८९६ मध्ये प्लेगने हादरलेल्या मुंबईत त्याला बोलावणं आलं. ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या अपुऱ्या जागेत त्याने प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी पहिली टोचणी स्वतःला करून घेतली. गुरूने एकदा जगण्याला विटून स्वतःला रक्त टोचून घेतलं होतं. शिष्याने सुई टोचली ती इतरांनी जगावं म्हणून. त्या शिष्याचं नाव वाल्डेमार हाफकिन. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटवरून बस जाते, तेव्हा ती पाटी तुम्ही वाचलीच असेल.