पैपैचा हिशेब

महात्मा गांधींचे नाव घेताच सत्य, अहिंसा आणि सत्याग्रह हे शब्द आपल्या ओठांवर येतात. त्यांच्या जीवनाची आणखी एक बाजू मात्र तितकीशी परिचित नाही. मोठमोठे सार्वजनिक निधी त्यांच्या हातून गोळा झाले आणि खर्चही झाले. परंतु त्या निधींचा चोख हिशेब ठेवणारा हात घडला तो विद्यार्थिदशेत, एका छोट्याशा वहीत रोजचा खर्च लिहिताना. ही सवय त्यांना जन्मतः लाभलेली नव्हती. ठेचा खात, चुका सुधारीत त्यांनी ती कमावली होती.

मोहनदास करमचंद गांधी यांचा जन्म २ ऑक्टोबर १८६९ रोजी पोरबंदर येथे झाला. वडील संस्थानाचे दिवाण होते. पण धनसंचयाची हाव त्यांना नव्हती, म्हणून मागे फारशी संपत्ती उरली नाही. मोहनदासांची कर्जाशी पहिली गाठ पडली ती पंधराव्या वर्षाच्या सुमारास. थोरल्या भावाला सुमारे पंचवीस रुपयांचे कर्ज झाले होते. ते फेडण्यासाठी भावाच्याच हातातील सोन्याच्या कड्याचा लहानसा तुकडा कापून विकण्यात आला. कर्ज फिटले, पण मन स्वस्थ बसू देईना. अखेर मोहनदासांनी सारा अपराध चिठ्ठीत लिहून आजारी वडिलांच्या हाती दिला. वडिलांच्या डोळ्यांतून अश्रू वाहिले. त्यांनी चिठ्ठी फाडून टाकली आणि मुलाला क्षमा केली. लपवून केलेला व्यवहार मनाला कसा जाळतो, हे त्या दिवशी त्या मुलाला उमगले.

सप्टेंबर १८८८ मध्ये मोहनदास बॅरिस्टर होण्यासाठी विलायतेला निघाले. खर्चाचा भार मोठे बंधू उचलत होते. लंडनला पोहोचल्यावर आरंभी या तरुणाला सभ्य इंग्रज गृहस्थ होण्याची ओढ लागली. एकोणीस शिलिंगांची उंच टोपी आली, दहा पौंडांचा संध्याकाळचा पोशाख शिवून झाला, भावाकडून सोन्याची दुपदरी साखळी मागवली गेली. नृत्याच्या शिकवणीसाठी तीन पौंड भरले, व्हायोलिनसाठी आणखी तीन पौंड गेले, वक्तृत्वाच्या शिक्षकाची फी निराळीच. हा मोह सुमारे तीन महिने टिकला. आपण येथे शिकण्यासाठी आलो आहोत आणि घरचा पैसा असा उधळीत आहोत, याची जाणीव होताच त्यांनी शिकवण्या सोडल्या आणि व्हायोलिनही विकून टाकण्याची व्यवस्था केली.

त्या उधळपट्टीच्या दिवसांतही एक चांगली सवय त्यांनी धरून ठेवली होती. गाडीचे भाडे असो, टपालाचे तिकीट असो की वर्तमानपत्राचे दोन पैसे असोत, प्रत्येक खर्च ते टिपून ठेवीत आणि रात्री झोपण्यापूर्वी जमाखर्चाचा मेळ घालीत. ही वहीच आता त्यांच्या कामी आली. पैसा कोठे गळतो आहे, हे आकड्यांनी स्वच्छ दाखवले. ते एका इंग्रज कुटुंबात राहत होते. तेथे दर आठवड्याला ठरलेली रक्कम द्यावी लागे. शिष्टाचार म्हणून कुटुंबातील माणसांना बाहेर जेवायला न्यावे लागे आणि गाडीभाडेही भरावे लागे. बाहेर जेवले तरी घरच्या आकारात काही कपात होत नसे. खर्च निम्म्यावर आणायचा, असे त्यांनी ठरवले.

मग त्यांनी स्वतःच्या खोल्या भाड्याने घेतल्या. जागा अशी निवडली की कामाच्या ठिकाणी अर्ध्या तासात पायी जाता यावे. गाडीभाडे वाचले आणि रोज आठ-दहा मैलांची रपेट होऊन प्रकृतीही सुधारली. पुढे आपल्यापेक्षा कितीतरी गरिबीत शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याची माहिती त्यांना मिळाली. त्यांनी दोन खोल्यांऐवजी एकच खोली घेतली, शेगडी आणली आणि सकाळची ओटची लापशी व कोको घरीच करू लागले. दुपारचे जेवण बाहेर आणि रात्री पुन्हा घरी पाव व कोको. एका शिलिंगाचे त्या वेळी बारा पेन्स होत. अशा रीतीने त्यांचा दिवसाचा खर्च एक शिलिंग तीन पेन्स, म्हणजे पंधरा पेन्सवर आला. या साध्या राहणीत त्यांना उणेपणा वाटला नाही. आपले जगणे आता घरच्या परिस्थितीला शोभणारे आहे, या समाधानाने अभ्यासही नेटाने होऊ लागला. १८९१ मध्ये ते बॅरिस्टर होऊन परतले.

१८९३ मध्ये एका व्यापारी पेढीच्या कामासाठी गांधीजी दक्षिण आफ्रिकेत गेले. १८९४ मध्ये तेथील हिंदी लोकांच्या हक्कांसाठी नाताळ इंडियन काँग्रेस स्थापन झाली. या संस्थेची वर्गणी त्यांनी दारोदार फिरून जमवली. रक्कम कितीही लहान असो, तिची पावती दिलीच पाहिजे, असा त्यांचा नियम होता. संस्थेचे काम कर्ज काढून चालवायचे नाही, हाही निश्चय त्यांनी तेथेच केला. नेमका हिशेब नसेल तर सार्वजनिक कामातील सचोटी टिकत नाही, असे त्यांचे मत होते.

१९०१ मध्ये ते स्वदेशी निघाले, तेव्हा कृतज्ञ लोकांनी त्यांच्यावर सोन्याचांदीच्या व हिऱ्यांच्या भेटींचा वर्षाव केला. कस्तुरबांना पन्नास गिनींचा हार मिळाला. लोकसेवेबद्दल मिळालेल्या वस्तू स्वतःच्या कशा म्हणाव्यात, या विचाराने गांधीजींना रात्रभर झोप लागली नाही. सकाळी त्यांनी सर्व भेटी विश्वस्तांच्या स्वाधीन करण्याचे ठरवले. मुले लगेच तयार झाली. पण कस्तुरबांनी कळवळून विरोध केला. उद्या सुना घरात येतील, त्यांच्या अंगावर काय घालायचे, हा त्यांचा प्रश्न होता. शिवाय पतीच्या सेवेमागे आपलेही रात्रंदिवसाचे कष्ट आहेत, हे त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. गांधीजींनी कशीबशी त्यांची संमती मिळवली आणि दागिने लोककार्यासाठी बँकेत ठेवले गेले. त्या निर्णयाची किंमत घरातील एका स्त्रीच्या अश्रूंनी चुकवली गेली, ही गोष्ट गांधीजींनी आपल्या आत्मकथेत लपवलेली नाही.

इतका सावध माणूसही एकदा चुकला. जोहान्सबर्ग येथे एका शाकाहारी उपाहारगृहाला मदत हवी होती. बद्री नावाच्या अशिलाचे पैसे गांधीजींकडे ठेव म्हणून होते. बद्रीने विश्वासाने होकार दिला आणि त्यातील एक हजार पौंड गांधीजींनी उपाहारगृहासाठी दिले. काही महिन्यांतच ती रक्कम बुडाल्याचे स्पष्ट झाले. बद्रीने तगादा लावला नव्हता; तरीही गांधीजींनी आपल्या पदरचे पैसे घालून त्याची पैन्‌पै फेडली. आपल्या हौसेसाठी किंवा ध्येयासाठी दुसऱ्याच्या कष्टाचा पैसा पणाला लावू नये, हा धडा त्यांनी मोठी किंमत देऊन घेतला.

१९१५ मध्ये गांधीजी कायमचे भारतात परतले. १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी एक कोटी रुपये जमवण्याचे आवाहन झाले, तेव्हा गरिबांनीही त्यात आपला वाटा घातला. दिलेला पैसा वाया जाणार नाही, हा विश्वास त्यामागे होता. १९३६ पासून ते वर्ध्याजवळील सेवाग्राम येथे मातीच्या कुटीत राहू लागले. आलेल्या पाकिटांच्या कोऱ्या बाजूवरही ते मजकूर लिहीत. ३० जानेवारी १९४८ रोजी त्यांची हत्या झाली, तेव्हा त्यांच्या मागे उरलेल्या वस्तू मोजक्याच होत्या.

काटकसर आणि कंजूषपणा यांत फार अंतर आहे. कंजूष माणूस पैशाला जपतो. काटकसरी माणूस पैशामागचे श्रम जपतो. गांधीजींनी आधी खर्च लिहिला, मग तो तपासला आणि अनावश्यक ते सोडून दिले. यासाठी मोठे उत्पन्न लागत नाही, उच्च शिक्षणही लागत नाही. एक वही, एक पेन्सिल आणि दिवसाअखेरची पाच मिनिटे एवढे भांडवल पुरते.