विश्लेषण : एशियाडच्या क्रीडाज्योतीमागचे खाशाबा कोण होते?

ऑलिम्पिक असो की एशियाड, उद्घाटन सोहळा आता मोबाइलवर थेट दिसतो. संचलन, शपथ आणि शेवटी क्रीडाज्योत. ज्योत कोणाच्या हाती द्यायची, यातून यजमान देश आपण कोणाला मानतो हे सांगत असतो. १९८२ च्या दिल्ली एशियाडच्या ज्योतीच्या दौडीत एक निवृत्तीच्या उंबरठ्यावरचा मराठी पोलीस अधिकारी होता : खाशाबा दादासाहेब जाधव.

मातीतून मॅटवर

१५ जानेवारी १९२६ रोजी कराडजवळच्या गोळेश्वर गावात त्यांचा जन्म झाला. वडील पैलवान, त्यामुळे तालीम घरातच. पुढे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिक्षण आणि कुस्ती दोन्ही सुरू राहिले. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकला ते कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने गेले आणि सहावे आले. वैराग-बार्शीकडे जत्रेचा फड पाहिलेल्यांना यातली अडचण लगेच कळेल. लाल मातीत पाय रोवून लढणाऱ्याला मॅट आणि गुणांची कुस्ती नवी होती.

घर गहाण का पडलं?

१९५२ ला हेलसिंकीला जायचं तर पैसे हवे होते. सरकारदरबारी हेलपाटे घालून पुरेशी रक्कम जमेना. लोकांनी वर्गणी काढली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी तर स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. त्या काळात ही रक्कम लहान नव्हती. विद्यार्थी हरून परतला असता तर? प्राचार्यांनी तो हिशेब केला नसावा.

१९ जुलैला हेलसिंकीत उद्घाटन झालं. भारताचा झेंडा हॉकीपटू बलबीर सिंग यांच्या हाती होता. चारच दिवसांनी, २३ जुलैला, खाशाबांनी ५७ किलो गटात कांस्यपदक जिंकलं. स्वतंत्र भारताचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. कदाचित रंग वेगळाही असता. सोव्हिएत मल्ल मामादबेयोव्हशी लढण्याआधी नियमाची अर्ध्या तासाची विश्रांती त्यांना मिळाली नाही आणि दाद मागायला भारताचा अधिकारी तिथे नव्हता.

गावाने मात्र कसर ठेवली नाही. १५१ बैलगाड्यांच्या मिरवणुकीने त्यांचं स्वागत झालं. परतल्यावर खाशाबांनी कुस्त्यांचे फड भरवले आणि त्या पैशांतून प्राचार्यांचं घर सोडवलं. पदकाइतकीच ही गोष्टही मोठी म्हणायला हवी.

मग विसर कसा पडला?

१९५५ मध्ये ते पोलीस दलात उपनिरीक्षक झाले. बढत्या उशिरा मिळाल्या, सहायक आयुक्त होईपर्यंत निवृत्ती आली. पेन्शनसाठीही झगडावं लागलं. १९८२ ची ज्योत हा त्यांच्या हयातीत झालेला मोजक्या सन्मानांपैकी एक. योगायोग असा, की १९ नोव्हेंबरला नेहरू स्टेडियममध्ये अखेरची ज्योत पेटवण्याचा मान हेलसिंकीच्याच पथकातल्या बलबीर सिंग यांना मिळाला.

त्यानंतर दोन वर्षांतच, १४ ऑगस्ट १९८४ रोजी, रस्ते अपघातात खाशाबा गेले. पुढचं वैयक्तिक पदक यायला १९९६ उजाडलं, लिअँडर पेसच्या रूपाने. अर्जुन पुरस्कार मरणोत्तर मिळाला. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या वेळी दिल्लीतल्या कुस्तीच्या स्टेडियमला त्यांचं नाव दिलं गेलं आणि आता १५ जानेवारी हा महाराष्ट्राचा राज्य क्रीडा दिन आहे.