किराणा दुकानदार ते कायरोप्रॅक्टिकचा जनक: कोण होते डी. डी. पामर?

मूल चालायला लागलं आणि त्याची पावलं आत वळताना दिसली, की जळगाव असो वा धुळे, घरात काळजी सुरू होते. कुणी हाडवैद्याचं नाव सुचवतं, तर कुणी मणका ‘कट्’ करून बसवणाऱ्या कायरोप्रॅक्टिकचा व्हिडिओ पाठवतं. ही पद्धत नेमकी आली कुठून?

डॅनियल डेव्हिड पामर यांचा जन्म 1845 मध्ये कॅनडात, टोरंटोजवळ झाला. विशीत ते अमेरिकेत आले. त्यांनी शाळेत शिकवलं, मधमाश्या पाळल्या, किराणा दुकानही चालवलं. पुढे आयोवा राज्यातल्या डेव्हनपोर्टमध्ये ते चुंबकीय उपचार करू लागले. वैद्यकीय पदवी मात्र त्यांच्याकडे नव्हती.

1895 मध्ये त्यांनी हार्वी लिलार्ड या कमी ऐकू येणाऱ्या सफाई कामगाराच्या पाठीचा मणका दाबला. त्याला पुन्हा ऐकू येऊ लागलं, असा पामर यांचा दावा होता. खरं तर ऐकण्याची नस कानातून थेट मेंदूत जाते, मणक्यातून नाही. तरीही बहुतेक आजारांचं मूळ सरकलेल्या मणक्यात आहे, असा सिद्धांत त्यांनी मांडला. 1897 मध्ये शाळाही काढली. परवान्याशिवाय उपचार केल्याबद्दल 1906 मध्ये त्यांना तुरुंगात जावं लागलं. नंतर शाळा मुलाच्या, बी. जे. पामर यांच्या हाती गेली. 1913 मध्ये लॉस एंजेलिसमध्ये टायफॉइडने त्यांचं निधन झालं.

पामर गेले, पण मणक्यात मूळ शोधायची त्यांची सवय उरली. मुलांची पावलं आत वळण्याचं कारण सहसा तळपायात, नडगीच्या किंवा मांडीच्या हाडाच्या पिळात असतं. बहुतेक मुलांमध्ये ते वाढीबरोबर आपोआप सुटतं: तळपायाचं पहिल्या एक-दोन वर्षांत, नडगीचं साधारण पाचव्या वर्षापर्यंत, मांडीचं आठ-दहा वर्षांपर्यंत. त्यामुळे मधल्या काळात जो उपचार सुरू असेल, श्रेय त्यालाच मिळतं.

मग डॉक्टरकडे कधी जायचं? एकच पाय वळत असेल, पाऊल ताठ असेल, मूल लंगडत असेल, दुखतंय म्हणत असेल किंवा वाकडेपणा वाढत असेल, तर थांबू नका. धुळे आणि जळगाव, दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. तिथे अस्थिरोग विभागात मुलाला दाखवा.

तोवर छोट्याशा पाठीचा मणका कुणाला दाबू देऊ नका.