नियम पुस्तकातला, ठपका माणसावर

खेळातील नित्य वापरातल्या नियमांबद्दल सहसा तंटा होत नाही. तंटा होतो तो पुस्तकात छापलेल्या, पण वर्षानुवर्षे कोणी हात न लावलेल्या नियमांबद्दल. असा नियम एखाद्याने उचलला की प्रेक्षक खवळतात, पंच अवघडतात आणि नियम मोडणारा नामानिराळा राहून नियमावर बोट ठेवणाराच आरोपी ठरतो. विनू मंकड यांच्या वाट्याला नेमके हेच आले.

१२ एप्रिल १९१७ रोजी जामनगर येथे जन्मलेल्या या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाने ४४ कसोटींत १६२ बळी घेतले आणि उजव्या हाताने फलंदाजी करीत २१०९ धावा जमविल्या. फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला इंग्लंडचे १२ गडी टिपून त्यांनी भारताला पहिला कसोटी विजय मिळवून दिला. त्याच वर्षी लॉर्ड्सवर ७२ आणि १८४ धावा काढून शिवाय एका डावात ७३ षटके टाकली. १९५६ मध्ये पंकज रॉय यांच्यासह त्यांनी रचलेली ४१३ धावांची सलामी २००८ पर्यंत कसोटीतील विक्रम म्हणून टिकली. एवढे कर्तृत्व असूनही जगभर त्यांचे नाव रूढ झाले ते एका धावचीतासाठी.

१९४७-४८ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात सिडनी येथील एका सामन्यात समोरच्या टोकाचा फलंदाज बिल ब्राऊन चेंडू सुटण्याआधीच क्रीज सोडून पुढे सरकत होता. मंकडांनी त्याला प्रथम ताकीद दिली. त्यानेही तो न सुधारल्याने त्याच्या यष्टीवरील बेल्स उडविल्या. त्यानंतर डिसेंबर १९४७ मध्ये त्याच मैदानावरील कसोटीत ब्राऊनने पुन्हा तीच चूक केली. या खेपेस ताकीद न देता मंकडांनी त्याला धावचीत केले आणि पंचांनी बोट वर केले. ऑस्ट्रेलियन वृत्तपत्रांत गदारोळ उठला. प्रतिस्पर्धी कर्णधार डॉन ब्रॅडमन यांनी मात्र पुढे आपल्या आत्मचरित्रात मंकडांचीच बाजू घेतली. तरीही अशा धावचीताला मंकडांचे नाव चिकटले, आणि तेही दूषण म्हणून.

आमच्या मते हा प्रकार म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचा होता. धावचीताचा निर्णय इंचांवर होतो, तिथे चेंडू सुटण्याआधी दोन पावले चोरणे ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. ताकीद देण्याचे बंधन नियमात नव्हते, आजही नाही. ती केवळ चाल होती. पण नियम विस्मरणात गेला की चालच नियमाच्या गादीवर बसते.

पंचांचीही यात कसोटी लागते. अपील झाल्याखेरीज पंच कोणास बाद देत नाही. पण अपील झाल्यावर फलंदाज क्रीजमध्ये होता की नव्हता, एवढेच त्याने पाहावयाचे असते. फेब्रुवारी २०१२ मध्ये ब्रिस्बेन येथे अश्विनने श्रीलंकेच्या थिरिमन्नेला असेच पकडले, तेव्हा पंचांनी आपसांत मसलत करून भारतीय कर्णधाराला विचारणा केली आणि सेहवागने अपील मागे घेतले. अपील मागे घेण्याचा हक्क कर्णधाराला आहे, हे खरे. पण पायचीताच्या अपिलानंतर कोणता पंच कर्णधाराचे मन चाचपून पाहतो?

नियमकर्त्यांचे धोरणही डळमळीत होते. २००० च्या संहितेने गोलंदाजाचा हा अधिकार आखडला, २०१७ च्या संहितेने तो पुन्हा रुंदावला. अखेर १ ऑक्टोबर २०२२ पासून हा नियम अनुचित खेळाच्या प्रकरणातून काढून साध्या धावचीताच्या प्रकरणात घालण्यात आला. मंकड २१ ऑगस्ट १९७८ रोजी मुंबईत निवर्तले होते. त्यांनी जे केले ते साधे धावचीतच होते, ही कबुली कागदावर यायला पाऊणशे वर्षे लागली.

गोव्यातील गावोगावच्या मैदानांवर उभ्या राहणाऱ्या पंचांना आमचे एवढेच सांगणे आहे : नियम जुना असो वा क्वचित लागणारा, तो लागू करताना संकोच बाळगू नये. पंच कचरला, तर नियम पाळून खेळणाऱ्याच्या माथी बदनामी येते. नियम अन्यायाचा वाटत असेल तर तो बदलण्याची जागा मैदानाबाहेर आहे.