अक्कमहादेवी : लज्जा कोणाची?



बाराव्या शतकातील शरणसमूहात वयाने लहान असूनही जिला सर्वांनी ‘अक्क’ म्हणजे थोरली बहीण म्हणून गौरविले, त्या महादेवीचे चरित्र घरोघरी वाचले जावे असे आहे. शिवमोग्गा जिल्ह्यातील उडुतडी हे तिचे जन्मगाव. परंपरेनुसार पिता निर्मलशेट्टी व माता सुमती. बालपणीच तिला इष्टलिंग प्राप्त झाले आणि चन्नमल्लिकार्जुन हाच आपला पती, असा तिच्या मनाचा निश्चय झाला. हेच नाम पुढे तिच्या वचनांची मुद्रा ठरले.

तिच्या रूपाने मोहित होऊन कौशिक राजाने तिला मागणी घातली. हरिहर कवी आपल्या रगळेत सांगतो की, आपल्या शिवभक्तीत व शरणसंगात आड येऊ नये या अटींवर तिने विवाह मान्य केला. अटी मोडल्या जाताच ती निघून गेली. चामरसाच्या ‘प्रभुलिंगलीले’त मात्र विवाह घडल्याचे दिसत नाही. वाचकहो, कथा कोणतीही घ्या, राजाला तिचे रूप हवे होते; तिचे मन काय म्हणते हे त्याने विचारले नाही. बलवानाने मागावे, स्त्रीने होकार द्यावा आणि त्यालाच प्रेम म्हणावे, हा समाजाने गिरवून घेतलेला धडा होता. महादेवीने तो पुसून टाकला. राजवैभवासह वस्त्रांचाही त्याग करून, केवळ केशसंभाराने देह झाकून ती कल्याणास निघाली.

ते कल्याण म्हणजे आपल्याच बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण. कमठाण्याच्या भाविकांना ते परके नाही. तेथे अनुभवमंटपात अल्लमप्रभूंनी तिची कठोर परीक्षा घेतली. तुझा पती कोण, येथपासून प्रश्न सुरू झाले. वस्त्र टाकले, तर मग केसांनी देह का झाकतेस, असेही त्यांनी विचारले. तिच्या उत्तराचा आशय असा की, हे आवरण माझ्या लाजेसाठी नाही. पाहणाऱ्याचे चित्त विचलित होऊ नये म्हणून आहे. या उत्तरावर थोडे थांबून विचार करावा. स्त्रीच्या देहावर लादलेली लज्जा खरोखर पाहणाऱ्याच्या दृष्टीत असते, हे तिने भर सभेत दाखवून दिले. प्रभूंनी तिचे श्रेष्ठत्व मान्य केले; बसवण्णा व चन्नबसवण्णांनी तिला वंदन केले.

शरणांच्या दृष्टीने स्त्री-पुरुष हा भेद देहापुरता आहे, आत्म्याला तो नाही. म्हणूनच ‘शरण सती, लिंग पती’ हा भाव पुरुष शरणांनीही स्वीकारला. उरिलिंगदेवांसारख्या पुरुषाने आपल्या वचनांत लिंगाची पत्नी होऊन बोलावे, यात कोणाला कमीपणा वाटला नाही. पूर्वी वेश्याव्यवसायात असलेली सूळे संकव्वाही वचनकार झाली. शेवटी अक्क श्रीशैलास गेली आणि तेथील कदलीवनात लिंगैक्य पावली.

सद्भक्तहो, आपल्या धर्मात मुलगा व मुलगी दोघांनाही लिंगदीक्षा आहे. रजस्सूतकासह पाचही सूतके शरणांनी नाकारली. तरीही आपल्या काही घरांत महिन्याचे चार दिवस सून बाजूला बसते, आणि लग्न ठरविताना मुलीला शेवटी विचारतात. ज्यांचा देह वा मन स्त्री-पुरुषाच्या ठराविक साच्यात बसत नाही, त्यांना तर दारातूनच परतविले जाते. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अशांना तृतीयलिंगी म्हणून मान्यता दिली. लिंगधारी माणसाला हे कळण्यासाठी न्यायालयाची वाट पाहावी लागू नये.

अक्काच्या प्रतिमेला हार घालणे सोपे आहे. घरातील लेकीच्या नकाराला मान देणे कठीण आहे. तिच्या चरित्राचा अभ्यास तेथून सुरू होतो.

शरणु शरणार्थी.