फाळक्यांच्या घरचा जमाखर्च

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहून द्यावे, असा मंडळाचा निरोप आला, तेव्हा मी दादासाहेब फाळके यांचे नाव सांगितले. एक-दोघींना नवल वाटले. सिनेमावाल्याचे चरित्र महिला मंडळाच्या स्मरणिकेत कशाला, असे त्यांच्या मनात आले असावे. पण भगिनींनो, मला त्यांच्या चित्रपटांविषयी फारसे सांगायचेच नाही. त्यासाठी सरकारने १९६९ पासून त्यांच्या नावाचा पुरस्कार ठेवला आहे, आणि परेश मोकाशी यांचा २००९ सालचा 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' आपल्यापैकी पुष्कळ जणींनी पाहिलाही असेल. मला सांगायचे आहे ते त्यांच्या घरच्या जमाखर्चाविषयी.

हा जमाखर्च आपल्या राजूरला परका नाही. गणपतीच्या दाराशी नारळ-दूर्वा घेऊन बसणाऱ्या घरांत चतुर्थीला, त्यातही अंगारकीला, चार पैसे येतात आणि मग तेच पुढच्या चतुर्थीपर्यंत पुरवावे लागतात. कापूस-सोयाबीनवाल्यांचे तर साऱ्या वर्षाचे गणित एका हंगामावर. अशा घरात मालकांनी किंवा मुलाने एके दिवशी हे सोडून दुसरे काही पाहतो म्हटले, की चूल सांभाळणारीच्या पोटात गोळा उठतो. फाळक्यांच्या घरी असा गोळा किती वेळा उठला असेल, ते पाहा.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी, शास्त्र्यांच्या घरी झाला. मुलाचा ओढा मात्र चित्रकलेकडे. १८८५ मध्ये ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले, पुढे बडोद्याच्या कलाभवनात. तिथे चित्रे, छायाचित्रे, छपाई, जे दिसेल ते शिकले. गोध्र्याला त्यांनी छायाचित्रांचे दुकान थाटले. पण प्लेगमध्ये पत्नी आणि मूल दोन्ही गेली आणि ते गाव सुटले. १९०२ मध्ये दुसरा विवाह झाला. माहेरच्या गिरिजा त्या सासरी सरस्वतीबाई झाल्या.

लग्नानंतर वर्षभरात, १९०३ मध्ये, फाळक्यांना सरकारी पुराणवस्तू खात्यात छायाचित्रकार आणि आरेखक म्हणून जागा मिळाली. महिना भरला की पगार, अशी वर्षे सरस्वतीबाईंच्या वाट्याला फार थोडी आली. त्यांतली ही पहिली. वंगभंगानंतर स्वदेशीचे वारे सुटले आणि १९०६ मध्ये फाळक्यांनी ती नोकरी सोडली. लोणावळ्याला छापखाना काढला, तो पुढे दादरला आणला. रंगीत छपाईचे ज्ञान मिळवण्यासाठी १९०९ मध्ये ते जर्मनीला जाऊन आले. छापखाना नावारूपाला आला, आणि भागीदारांशी बिनसले. फाळके हिशेबाला न बसता बाहेर पडले. वयाची चाळिशी आलेली, पदरी लहान मुले. हे उठून जाणे मला आजही पटत नाही. मान राखावा, पण आपल्या घामाचा वाटा सोडून का यावे?

अशा रिकाम्या दिवसांत, १९११ च्या सुमारास, त्यांनी मुंबईत ख्रिस्तचरित्राचा मूकपट पाहिला. आपले राम-कृष्ण असे पडद्यावर का आणू नयेत, या विचाराने त्यांची झोप उडाली. मग सरस्वतीबाईंनाही नेऊन दाखवला. इथून पुढचे फाळके मला मोलाचे वाटतात, कारण या खेपेला त्यांनी उडी मारण्याआधी पाणी किती खोल आहे ते पाहिले. कित्येक महिने रोज चित्रपट पाहायचे, घरी येऊन छोट्या यंत्रावर प्रयोग करायचे, असे चालले. डोळ्यांवर इतका ताण पडला की दृष्टी जवळजवळ गेली होती. डॉक्टरांच्या उपचारांनी ती परत आली. मग बारा हजारांच्या विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून दहा हजार उभे केले आणि १ फेब्रुवारी १९१२ रोजी ते विलायतेला निघाले. दोन महिन्यांत धंदा पाहून, कॅमेऱ्याची व्यवस्था करून परतले.

तरीही सावकार एकदम कसा उभा राहील? फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला. तो रुजून वेल होईपर्यंत महिनाभर थोडे थोडे चित्रण केले, आणि मिनिटभराच्या पट्टीत वेल भरभर वाढताना दाखवला. ते पाहून स्नेही कर्ज द्यायला तयार झाले. पापडाच्या यंत्रासाठी कर्ज मागणारीला आपण बचत गटात आधी तिच्या हातचा पापड पाहू म्हणतो, त्यातलाच हा प्रकार.

कर्ज पुरेना, तेव्हा सरस्वतीबाईंनी दागिने काढून दिले. पण त्यांचे काम दागिन्यांवर संपले नाही. साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक त्यांच्याकडे. दिवसा चित्रण चाले तेव्हा ऊन परतवण्यासाठी पांढरी चादर धरून उभे राहायचे. रात्री अंधारात कोऱ्या पट्टीला भोके पाडायची, पट्टी धुवायची. त्या काळी चित्रपटात काम करायला बायका मिळत नव्हत्या. तारामती झाले ते अण्णा साळुंके नावाचे, खाणावळीत काम करणारे गृहस्थ. रोहिदास झाला तो घरचाच भालचंद्र. असा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये लागला आणि चालला.

त्यानंतर बिऱ्हाड नाशिकला गेले. पैसा आला, पण कसा? वळवाच्या पावसासारखा. १९१४ मध्ये महायुद्ध सुरू झाले, भांडवलदारांनी हात आखडला, काम थंडावले. १९१७ मध्ये 'लंकादहन' इतका चालला, की तिकिटांची नाणी बैलगाडीतून न्यावी लागली, असे सांगतात. १९१८ मध्ये भागीदारीत हिंदुस्थान फिल्म कंपनी उभी राहिली. त्या वर्षीच्या 'श्रीकृष्णजन्म'मध्ये मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली. पण जे आले ते पुढच्या चित्रपटात घातले. बरकतीच्या वर्षातले दुष्काळासाठी वेगळे काढून ठेवणे फाळक्यांच्या स्वभावातच नव्हते. धंदा कसा बदलावा हे त्यांच्याकडून शिकावे, आलेला पैसा कसा राखावा हे नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे. गहाण टाकायला दरवेळी घरात सोने असतेच असे नाही.

भागीदारांशी पुन्हा मतभेद झाले. १९२० मध्ये सारे सोडून ते सहकुटुंब काशीला गेले, तिथे 'रंगभूमी' नाटक लिहिले. त्याने पैसा दिला नाही. १९२२ मध्ये पुन्हा कंपनीत आले. १९३१ मध्ये 'आलम आरा' आला आणि पडदा बोलू लागला. 'सेतुबंधन' मूकपट म्हणून काढला, पैशांवाचून रखडला, आणि मागाहून त्याला आवाज जोडावा लागला. १९३७ चा 'गंगावतरण' कोल्हापूरच्या कंपनीसाठी केला. तो त्यांचा शेवटचा.

भारतीय चित्रपटाचा रौप्यमहोत्सव झाला, तेव्हा ज्यांनी तो धंदा सुरू केला त्यांना स्वतःचे घर नव्हते. शांताराम यांच्या पुढाकाराने धंद्यातल्या माणसांनी वर्गणी जमवली, आणि तिच्यातून नाशिकला छोटेसे घर झाले. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकलाच फाळके वारले.