टेलिफोनवाले ग्रॅहॅम बेल खरं तर कर्णबधिर मुलांचे शिक्षक होते!

टेलिफोनचा शोध कोणी लावला, हे शाळेत सगळ्यांनीच पाठ केलंय. पण अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल स्वतःची ओळख कर्णबधिरांचा शिक्षक अशी करून द्यायचे. ती गोष्ट आज पाहू.

घरातूनच सुरुवात

बेल यांचा जन्म 3 मार्च 1847 चा, स्कॉटलंडमधल्या एडिनबरा शहरातला. आई एलायझा यांना फार कमी ऐकू यायचं. बाकीचे लोक त्यांच्या कानातल्या नळीत मोठ्याने बोलायचे. लहानगा अलेक मात्र आईच्या कपाळाजवळ तोंड नेऊन हळू बोलायचा, म्हणजे आवाजाची कंपनं तिला जाणवायची. वडील उच्चारशास्त्राचे शिक्षक. जीभ-ओठ कुठे ठेवले की कोणता आवाज निघतो, हे दाखवणारी चिन्हं त्यांनी बनवली होती. तीच पद्धत शिकवायला बेल 1871 मध्ये बॉस्टनच्या कर्णबधिर शाळेत गेले.

हातमोज्यावरची अक्षरं

तिथे त्यांना जॉर्ज सँडर्स भेटला. वय पाच वर्षं, जन्मापासून ऐकू येत नव्हतं. बेल यांनी धडा सोडून खेळ मांडला. खेळण्यांना नावाच्या चिठ्ठ्या लावल्या. नंतर एका हातमोज्यावर मुळाक्षरं लिहिली. बोटांवरच्या अक्षरांना स्पर्श करत दोघं गप्पा मारायचे. पुढे जॉर्जच्या वडिलांनीच बेल यांच्या प्रयोगांना पैसा दिला आणि 7 मार्च 1876 ला टेलिफोनचं पेटंट मिळालं! 1877 मध्ये त्यांनी मेबल हबर्ड यांच्याशी लग्न केलं. लहानपणी आलेल्या तापामुळे मेबलनाही ऐकू येत नव्हतं. म्हणजे नवऱ्याचा फोन बायकोला कधीच ऐकता आला नाही.

मोठी चूक

बेल यांचा हट्ट होता, की कर्णबधिर मुलांनी तोंडानेच बोलावं. शाळेत खुणांची भाषा त्यांना नको होती. कर्णबधिरांनी आपापसात लग्नं करू नयेत, असंही त्यांना वाटायचं. ज्या मुलांना बोलणं जमलं नाही, त्यांच्याकडे मग कोणतीच भाषा उरली नाही. म्हणूनच अनेक कर्णबधिर लोकांचा बेल यांच्यावर आजही राग आहे.

आज काय?

2 ऑगस्ट 1922 ला बेल गेले. अंत्यसंस्काराच्या वेळी अमेरिका-कॅनडातले फोन मिनिटभर बंद ठेवले होते.

आता कॉक्लियर इम्प्लांट आलंय. कानामागचा प्रोसेसर आवाज पकडतो, त्याचे सिग्नल बनवतो आणि कानाच्या आत बसवलेली इलेक्ट्रोडची तार ते थेट नसेपर्यंत पोचवते. पण मशीन चालू झालं म्हणजे मूल लगेच बोलत नाही. मेंदूला आवाज नवे असतात. आ, ऊ, ई, म, स, श हे सहा आवाज ऐकू येतात का, हे रोज तपासायचं, मग खेळता खेळता शब्द शिकवायचे. ही थेरपी जितकी लवकर, तितकी चांगली.

यावलच्या एखाद्या लेकराचं ऑपरेशन मुंबई-पुण्याला झालं, तरी खरं काम घरीच होतं. केळीचा घड दाखवत आई आपल्या लेवा बोलीत बोलते, तीच थेरपी. थेरपिस्ट लांब असेल तर व्हिडिओ कॉल आहेच. आणि मूल खुणा करत असेल तर हात धरू नका. बेल यांचा हातमोजा घ्या, हट्ट नको!